वऱ्हाडातील वाळवण आणि घरची साठवण : कापूसपट्ट्याच्या अन्न-इतिहासाचे एक दुर्लक्षित अंग
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला जिल्हे)

प्रस्तावना

वऱ्हाडच्या इतिहासलेखनात कापसाने फार मोठी जागा व्यापली आहे आणि ते स्वाभाविकही आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाच्या राज्यातील हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व प्राप्त झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळकडून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडते, दलाल, मारवाडी व गुजराती पेढ्या, कापसाचे बाजार या सर्वांचा अभ्यास झालेला आहे. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आजही व्याख्यानांतून ऐकू येते.

परंतु कापूस खाता येत नाही. ज्या घराने आपल्या जमिनीचा मोठा हिस्सा कापसाकडे वळविला, ते घर वर्षभर काय खात होते, ते अन्न कोठे साठवत होते आणि साठवणीचे काम कोण करीत होते, हा प्रश्न या इतिहासात क्वचितच विचारला गेला. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर आणि त्यानंतर आलेली अकोला (१९१०) व अमरावती (१९११) जिल्ह्यांची गॅझेटियरे पिके, भाव, आठवडी बाजार आणि दुष्काळ यांविषयी भरपूर माहिती देतात. वैशाखात प्रत्येक अंगणात वाळत पडणाऱ्या कुरडया-पापडांविषयी मात्र ती जवळजवळ मौन बाळगतात. महसुलाच्या दृष्टीने ज्याची किंमत होत नाही, त्याची नोंद करण्याचे सरकारला कारण नव्हते.

छापील पाकग्रंथांकडे वळावे तर तेथेही निराशाच होते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले, विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' आले आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने मराठी घराघरांत स्थान मिळविले. ही पुस्तके आपापल्या परीने मोलाची आहेत. मात्र त्यांतील स्वयंपाकघर प्रामुख्याने मुंबईचे व पश्चिम महाराष्ट्राचे आहे. धापोडे, सरगुंडे, रोडगे, फुणके हे शब्द मराठीच्या पाकशास्त्रीय मुख्य प्रवाहात आलेच नाहीत. कोथिंबिरीला सांबार, चवळीला बरबटी, टोमॅटोला भेदरं आणि शेंगदाण्याला फल्ली म्हणणारी वऱ्हाडी गृहिणी त्या पुस्तकांची वाचक होऊ शकली असती. त्यांचा विषय ती झाली नाही.

काळी, पांढरी आणि पेव

वऱ्हाडी खेड्याची जुनी विभागणी 'काळी' आणि 'पांढरी' अशी आहे. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ही विभागणी केवळ रंगावरून पडलेली नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यात धान्य पुरून ठेवता येत नाही. पांढरीची माती व मुरूम त्या मानाने स्थिर असतो. म्हणून ज्वारीची पेवे गावठाणात खणली जात. खड्ड्याच्या तळाला व कडांना कडबा आणि भुसा लावून, आत ज्वारी भरून, तोंड मातीने लिंपून पेव बंद केले की धान्य दीर्घकाळ टिके. नित्याच्या वापरासाठी शेणामातीने सारवलेल्या कणग्या आणि भिंतीतील बळदे असत. त्यांत कडुनिंबाचा पाला किंवा राख मिसळली जाई. पेव हे मुख्यतः जमीनदार, पाटील आणि सावकार यांच्या आवाक्यातील साधन होते, कणगी सर्वसाधारण कुणब्याची होती, आणि ज्यांच्याजवळ कणगीभर धान्यही नव्हते त्यांच्या घरी दोन-चार गाडगी होती. साठवणीच्या भांड्यावरून घराची पत कळत असे.

रेल्वेने या व्यवस्थेचा पाया हलविला. जो रूळ कापसाची गाठ मुंबईला नेत होता, तोच रूळ ज्वारीचे पोतेही नेऊ शकत होता. धान्याला दूरच्या बाजारात भाव मिळू लागल्यावर ते पेवात दोन-तीन वर्षे पडू देणे हे व्यवहारदृष्ट्या वेडेपणाचे ठरू लागले. लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) या ग्रंथात कापसाच्या विस्ताराचा आणि वऱ्हाडातील दुष्काळांचा संबंध तपशीलवार मांडला आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी, त्यातही लोकस्मृतीत 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून राहिलेल्या दुसऱ्याने (विक्रम संवत १९५६), या सधन म्हणविल्या जाणाऱ्या प्रांताची अन्नाच्या बाबतीतील दुर्बलता उघडी पाडली. या दोन दुष्काळांच्या मध्ये, डिसेंबर १८९७ मध्ये, अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते आणि दादासाहेब खापर्डे हे स्वागताध्यक्ष होते. सभेला दूरदूरचे प्रतिनिधी ज्या रेल्वेने आले, त्या रेल्वेचा वऱ्हाडच्या कणगीशी असलेला संबंध त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आला असावा.

पेवे रिकामी होत गेली तरी अंगणातील वाळवण थांबले नाही. उलट असे म्हणता येईल, की पुरुषांच्या ताब्यातील मोठी साठवण बाजाराकडे वळत असताना स्त्रियांच्या ताब्यातील लहान साठवणीचे महत्त्व वाढले. पापडाला अडत नव्हती, सांडग्यावर सावकाराचा बोजा चढत नव्हता. घरातील जे अन्न रोख पैशात सहज रूपांतरित करता येत नाही तेच घरात उरते. या विधानाला कागदोपत्री पुरावा देणे अवघड आहे, कारण हे सारे कागदाबाहेर घडले. तथापि उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतील कौतिकचे घर ज्या पद्धतीने एकेका भाकरीचा हिशोब करते, ते पाहता वऱ्हाडी स्त्रीच्या हातातील या लहान साठवणीचे मोल लक्षात येते.

खारपाणपट्टा आणि मीठ

वऱ्हाडी आहाराची घडण समजून घेण्यासाठी पूर्णेच्या खोऱ्यातील पाण्याचा विचार करणे आवश्यक आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा साडेचार लाख हेक्टरांहून मोठा आहे. दर्यापूर, अकोट, बाळापूर, तेल्हारा या भागांतील अनेक गावांत विहीर खणली तर पाणी खारे लागते. त्या पाण्याने पीक भिजविता येत नाही, त्यात तुरीचे वरण लवकर शिजत नाही आणि तहानही नीट भागत नाही. ओलिताअभावी या गावांत बागायती भाजीपाला फारसा कधी पिकलाच नाही.

वऱ्हाडच्या जेवणात बेसनाला जे असाधारण स्थान आहे, त्याचे एक कारण येथे सापडते. झुणका, पिठले, पाटवड्यांचा रस्सा, कढीबरोबर खाल्ले जाणारे फुणके, गोळाभात, हे सर्व पदार्थ हिरव्या भाजीवाचून जेवणाची वेळ निभावून नेतात. त्यांना लागणारा हरभरा खारपाणपट्ट्यातील चिकण जमिनीत, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर, ओलिताशिवाय येतो. याच हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळविला जातो आणि उन्हाळ्यात, जेव्हा बाजारात भाजी महाग असते किंवा मिळतच नाही, तेव्हा तीच सुकी भाजी ज्वारीच्या किंवा डाळीच्या कण्या घालून शिजते. गवार, कारली आणि वांगी यांच्या काचऱ्या, अंबाडीची वाळलेली बोंडे, कोहळ्याचे सांडगे हे याच गरजेतून आलेले आहेत. बाहेरच्या पाहुण्याला जो 'वऱ्हाडी बेत' म्हणून कौतुकाचा वाटतो, तो बऱ्याच अंशी पाण्याच्या दुर्भिक्ष्याने रचलेला आहे.

त्याच खाऱ्या पाण्याची दुसरी बाजू मिठाची आहे. अकोला तालुक्यातील दहिहांडा परिसरात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढले जात असे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या प्रदेशाला ही स्थानिक सोय होती. मिठावरील सरकारी नियंत्रण व कर यांच्या व्यवस्थेत हे उत्पादन बंद पडले आणि किनाऱ्यावरचे मीठ रेल्वेने येऊ लागले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपये झाला होता. मिठाचा कर म्हटले की सामान्यतः भाकरीबरोबरच्या चिमूटभर मिठाचा विचार होतो. परंतु लोणचे, पापड, खारोड्या, खारविलेल्या मिरच्या आणि वाळविलेल्या काचऱ्या यांना मीठ मुठीने लागते. वर्षभराची साठवण करणाऱ्या घराच्या दृष्टीने हा कर साठवणीवरचा कर होता.

एप्रिल १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह देशभर पसरला तेव्हा वऱ्हाडातील कार्यकर्त्यांना समुद्र शोधण्याची गरज पडली नाही. ब्रिजलाल बियाणी आदींच्या पुढाकाराने दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरीचे पाणी काढून त्यापासून मीठ तयार करण्यात आले. हा प्रसंग स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात योग्य रीतीने नोंदविला गेला आहे. मात्र बहुधा दांडीची स्थानिक आवृत्ती म्हणूनच. जुन्या लोकांच्या आठवणीत मीठ देणाऱ्या विहिरी ज्या गावात होत्या, त्या गावात कायदा मोडून पुन्हा मीठ काढणे याचा अर्थ दांडीपेक्षा थोडा निराळाही असू शकतो. तेथे लोकांनी आपल्याच गावचा बंद पडलेला एक उद्योग दोन दिवसांसाठी का होईना, पुन्हा चालू केला होता.

अंगणातील काम

वऱ्हाडचा उन्हाळा अत्यंत कडक असतो. अकोल्याचे मे महिन्यातील तापमान वारंवार ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि हवा कोरडी असते. माणसाला असह्य असणारे हे ऊन वाळवणाला मात्र अनुकूल ठरते. कोकणात ज्या पापडाला दोन-तीन दिवस लागतील तो येथे एका उन्हात खडखडीत होतो. होळीपासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ हा वाळवणाचा हंगाम. शेतात काम नसते, धान्य घरात आलेले असते आणि अंगण सारवून तयार असते.

कुरडई करण्यासाठी गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो. रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी तो वाटून, पिळून, गाळून त्याचा चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि वरचे आंबट पाणी ओतून देऊन खालचा घट्ट चीक मोठ्या पातेल्यात मीठ घालून शिजवायचा. शिजणारा चीक हाटणे हे खांद्यातली ताकद मागणारे काम आहे. क्षणभर हात थांबला की गुठळी होते. पहाटेच्या अंधारात हे काम सुरू होते, कारण ऊन चढण्यापूर्वी सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत. ज्वारीच्या धापोड्यांची तऱ्हा वेगळी. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून त्या पिठाची लापशी मीठ, तीळ, जिरे व तिखट घालून शिजवितात आणि ओल्या कापडावर हाताने पातळ थापतात. वाळल्यानंतर कापडाच्या मागून पाण्याचा हात फिरवला की धापोडा अलगद सुटतो. कच्चा, भाजलेला, तळलेला किंवा नुसता तेल-तिखट लावून, कसाही खाल्ला जाणारा हा पदार्थ गरीब घरात पापडाची जागा घेतो, कारण त्याला उडदाची डाळ लागत नाही.

सरगुंडे हा त्या मानाने सणावाराचा, पाहुण्या-जावयाचा पदार्थ. गव्हाच्या मऊसूत भिजविलेल्या पिठाची बारीक वळी सरकांडीच्या काडीभोवती गुंडाळून, वाळवून काडी काढून घेतली जाते. पुढे ती पोकळ वेटोळी उकडून आमरसाबरोबर किंवा तूप-साखरेबरोबर वाढतात. एका पंगतीपुरते सरगुंडे करायला पाच-सहा बायकांची एक दुपार जाते. पदार्थाची प्रतिष्ठा त्यात वापरलेल्या जिनसांवरून ठरत नाही, त्यात गेलेल्या वेळेवरून ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

ही सर्व कामे एकट्या बाईने होण्यासारखी नव्हती. आज एकीच्या घरच्या शेवया, उद्या दुसरीच्या घरचे पापड, अशी परस्पर श्रमाची पाळी चालत असे. मजुरीचा व्यवहार नव्हता. करायला आलेल्या बायकांना चीक खायला मिळे आणि निघताना लाट्या पदरात पडत. शेतीतील सावड पद्धतीची अर्थशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी नोंद घेतली, पण अंगणातील या सावडीला तसे नाव कोणी दिले नाही. जनगणनेच्या तक्त्यात ही स्त्री 'काम न करणारी' म्हणून मोजली गेली.

या सावडीचे कौतुक करताना तिची सीमाही पाहिली पाहिजे. ती जातीच्या आत होती. कोणाच्या हातचा पापड चालतो आणि कोणाच्या सावलीने वाळवण विटाळते, हे ठरलेले होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीतही साठवण होती, तिचा पदार्थ निराळा होता. मेलेल्या जनावराचे मांस लांब पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात वाळवायचे आणि पावसाळ्यात, काम नसताना, त्या चान्या भाजून किंवा शिजवून खायच्या. मीठ, ऊन आणि कोरडी हवा ही साधने तीच होती. तंत्रही मूलतः तेच. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस न खाण्याचे आवाहन केल्यानंतर या खाद्याचा त्याग हा स्वाभिमानाचा विषय बनला आणि ते योग्यच होते. मात्र त्यामुळे या साठवणीची स्मृतीही बोलण्यातून गेली. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील अशा खाद्यपरंपरेची नोंद केली. वऱ्हाडासाठी तसे काम व्हावयाचे आहे. पापडाचा इतिहास लिहायचा आणि चान्यांचा लिहायचा नाही, असे करणे म्हणजे गॅझेटियरकारांचीच चूक पुन्हा करणे होय.

मेळघाटाची स्थितीही स्वतंत्र लक्ष देण्याजोगी आहे. तेथील कोरकूंच्या घरी वाळविलेली मोहाची फुले आणि कोदो-कुटकी ही साठवण असते. गवळी वस्त्यांत दुधाचा खवा होतो. घाटवाटांनी दूध परतवाड्यापर्यंत नेईतो नासते, खवा नासत नाही. चिखलदऱ्याला जाणारा प्रवासी ज्या खव्याची व रबडीची वाखाणणी करतो, तिच्या मागे रस्त्यांचा अभाव आहे.

अन्नासाठीचा प्रवास : बहिरम आणि शेगाव

खाण्यासाठी प्रवास करणे ही अलीकडची शहरी हौस मानली जाते. वऱ्हाडापुरते तरी हे खरे नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'ऋद्धिपूरलीळे'त गोविंदप्रभू रिद्धपूरच्या (ता. मोर्शी) घराघरांत शिरतात, खायला मागतात, मिळेल ते खातात आणि सवर्णांच्या व अस्पृश्यांच्या वस्त्यांतील भेद मानीत नाहीत. मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथांपैकी एकात वऱ्हाडी गावातील चूल आणि तिच्याभोवतीची विटाळाची कल्पना एकाच वेळी दिसते. शेगावच्या गजानन महाराजांची कथाही उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचण्यापासूनच सुरू होते, हे लक्षणीय आहे. आणि अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांना लोकांनी 'गाडगे महाराज' (१८७६-१९५६) हे नाव दिले ते त्यांच्या हातातील भाकरी खाण्याच्या मातीच्या भांड्यावरून. या प्रदेशाच्या संतपरंपरेत अन्न हे रूपक नाही, तो प्रत्यक्ष व्यवहार आहे.

चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरम हे ठिकाण आहे. येथील बहिरमबुवाला लोणी व शेंदूर वाहतात. २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारी ही यात्रा जानेवारीअखेरपर्यंत चालते. एवढी दीर्घ यात्रा टिकण्याचे कारण दर्शन नाही, दर्शन एका दिवसात होते. कारण मुक्कामाचे आहे आणि मुक्कामाचे कारण जेवणाचे. खरिपाचा कापूस वेचून झालेला, हातात नवे पैसे, शेतात गहू-हरभरा उभा, थंडी पडलेली. अशा वेळी बैलगाड्या जुंपून कुटुंबेच्या कुटुंबे येत, राहुट्या ठोकत आणि रोडगे करीत. मातीच्या हंडीत शिजविलेले मटण ही बहिरमची दुसरी ओळख. पूर्वी तमाशाचे फड असत. ते १९९० च्या दशकात बंद झाले. हंडी मात्र राहिली.

रोडगा हा घरात न होणारा, बाहेर होणारा पदार्थ आहे. गव्हाच्या जाड पिठाच्या पोळ्या लाटून, तेल-तूप लावून, एकीत दुसरी गुंडाळून गोळा करतात आणि गोवऱ्यांच्या जगऱ्यात, म्हणजे धुमसत्या निखाऱ्यात व राखेत, भाजतात. वरची राख झाडून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर व वरणाबरोबर तो खाल्ला जातो. राजस्थानी बाटीशी त्याचे साम्य उघड आहे आणि कापसाच्या काळात आलेल्या मारवाडी व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तथापि गोवरीवर पिठाचा गोळा भाजणे ही गुराखी व गाडीवान यांची सर्वत्र आढळणारी रीत आहे. पळसाच्या पानांत भाजलेले पानगे हे तिचेच भावंड. एका पदार्थाच्या मुळासाठी एकच समाज शोधणे बहुधा चुकीच्या उत्तराकडे नेते. रोडग्यात पुरुष स्वयंपाक करतात, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. वर्षभर चुलीजवळ न फिरकणारा पुरुष यात्रेत जगऱ्याजवळ बसतो आणि त्याचे कौतुक पंचक्रोशीत होते.

रेल्वेनेही खाण्याचा प्रवास घडविला. शेगाव स्थानकावरची कचोरी ही फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने सुरू केली असे सांगितले जाते. मुगाचे सारण भरलेली ही कचोरी संत्र्याच्या व कापसाच्या मुलखात स्थायिक झाली आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या प्रवाशांनी तिला देशभर नेले. वऱ्हाडचा म्हणून बाहेर सर्वाधिक ओळखला जाणारा पदार्थ शंभर वर्षांचाही नाही आणि तो वऱ्हाडी घरातून आलेला नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचे उलट झाले. फळ अमाप आले, पण घरातील साठवणीच्या परंपरेत ते कधी रुजले नाही. आंब्याचा टक्कू, गुळांबा, लोणचे घरोघर; संत्र्याचे काही टिकाऊ करणारी आजी क्वचितच आढळते. संत्रा बाजारासाठी लावला गेला, आंबा विहिरीच्या काठी घरासाठी लावला होता. भाव पडला की संत्रा रस्त्यावर ओतला जातो, त्यामागे हेही एक कारण आहे.

ज्वारी गेल्यानंतर

१९७२ च्या दुष्काळात लाल मिलो आणि सुकडी यांवर दिवस काढलेली पिढी अजून हयात आहे. त्याच सुमारास संकरित ज्वारीचे उत्पादन वाढले होते आणि १९६९ मध्ये अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) पुढील काळात ज्वारी व कडधान्यांवर महत्त्वाचे काम केले. विद्यापीठाने विकसित केलेली 'पीकेव्ही मिनी दालमिल' ही घरच्या तुरीची डाळ गावातच व्हावी या हेतूची होती. घरगुती जात्याचे काम तिने सोपे केले. परंतु १९९० च्या दशकापासून सोयाबीन पसरले आणि ज्वारीचे क्षेत्र झपाट्याने घटले. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते, रोख देते आणि रानडुकरांचा व पाखरांचा त्रास ज्वारीइतका नसतो. शेतकऱ्याचा निर्णय अडाणीपणाचा नव्हता.

त्या निर्णयाचे परिणाम मात्र दूरवर गेले. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेल्यावर बैल-गाई सांभाळणे परवडेना, ट्रॅक्टर आला. गुरे कमी झाली तशी शेणाची व गोवऱ्यांची टंचाई झाली. अंगणाला सारवण नाही, जगऱ्याला गोवरी नाही. वाणी ज्वारीचा हुरडा, जो कोणत्याही धुऱ्यावर फुकट मिळे, तो कृषिपर्यटन केंद्रात तिकीट काढून खाण्याची वस्तू झाला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती; प्रत्यक्षात वऱ्हाडच्या रास्त भाव दुकानांतून मुख्यतः गहू व तांदूळ मिळाला आणि भाकरीचे घर पोळीचे झाले. कापूस व सोयाबीन पिकविणारे शेतकरी कुटुंब आज ज्वारी विकत घेते, आणि ती गव्हापेक्षा महाग पडते.

जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती व अकोला त्यांत होते. व्याजमाफी, सिंचन, बियाणे, जोडधंदे यांचा त्यात विचार झाला. घरातील धान्य व साठवण हा विषय स्वतंत्रपणे कोठे आला नाही. याच वर्षांत बचत गटांच्या स्त्रियांनी पापड, कुरडया, धापोडे, लोणची विकायला प्रारंभ केला. अंगणातील सावड आता गटाच्या नावाने बँकेच्या पासबुकात दिसू लागली, हा बदल लहान नव्हे. ज्या श्रमाला कधी किंमत नव्हती त्याला किलोचा भाव मिळाला. त्याचबरोबर अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी क्रमांक, पाकीट, वजन, तारीख ही बंधने आली, आणि ज्या विधवेच्या घरी मजुरी सोडून दुसरे उत्पन्न नाही तिला पापड विकावा लागतो, ताटात वाढता येत नाही.

बहिरमला आता बैलगाड्या अपवादानेच येतात. मोटारी येतात, एका दिवसात परत जातात, आणि तयार हंडी विकणारी दुकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागलेली असतात. ज्यांना स्वतः रोडगे करायचे असतात, ते गोवऱ्या यात्रेतच मोजून विकत घेतात.